वनआच्छादन वाढलं म्हणजे नेमकं काय वाढलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सरकारी अहवालात देशाचं वनआच्छादन वाढलं म्हणतात. ग्लोबल फॉरेस्ट वॉच या संकेतस्थळावर २३ लाख हेक्टर झाडी गेली असं दिसतं. आमच्या तालुक्यात तर डोळ्यांदेखत डोंगर उजाड झाले. खोटं कोण बोलतंय? आणि आम्हाला आमच्यापुरतं तपासायचं असेल तर कसं तपासायचं?"

तुमच्या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. उपग्रहाच्या चित्रांवरून झाडी मोजण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली, आणि बहुतेक वेळा त्या तशा असतातच. तिन्ही ठिकाणी मोजली जाणारी वस्तू वेगळी आहे, एवढंच. खोटेपणा असलाच तर तो मोजणीत क्वचित असतो. बातमीचा मथळा लिहिताना मात्र तो हमखास शिरतो.

व्याख्येपासून सुरुवात करू, कंटाळवाणी असली तरी. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी वनस्थिती अहवाल काढतं. त्यातलं 'वनआच्छादन' म्हणजे किमान १ हेक्टरचा असा कुठलाही तुकडा, जिथे झाडांच्या छत्राने निदान १० टक्के जमीन झाकलेली आहे. जमीन कुणाची, झाड कुठलं, लावलेलं की आपोआप आलेलं, हे काहीही विचारायचं नाही. १० टक्के म्हणजे किती? एक हेक्टर म्हणजे अडीच एकर, १०,००० चौरस मीटर. त्याचा दहावा भाग १,००० चौरस मीटर. चांगल्या वाढलेल्या आंब्याच्या छत्राचा व्यास ११-१२ मीटर धरला तर एका झाडाखाली शंभरेक चौरस मीटर जमीन येते. म्हणजे अडीच एकरात दहा मोठी आंब्याची झाडं उभी असली की अहवालाच्या भाषेत ते 'विरळ वन' झालं. १० ते ४० टक्के विरळ, ४० ते ७० मध्यम दाट, ७० आणि वर अतिदाट. १० च्या खाली गेलं की झुडपी, आणि ते वनआच्छादनात धरत नाहीत.

हे डोक्यात ठेवून कोकणात चला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची निम्म्याहून अधिक जमीन वनआच्छादनाखाली दिसते. वनखात्याच्या ताब्यातली जमीन मात्र तिथे त्या मानाने फारच थोडी. बाकीचं हिरवं म्हणजे खासगी रान, काजू, आंबा, नारळ-पोफळी आणि दोडामार्गाकडे रबर. मी एकदा हातात नकाशा घेऊन तिथल्या एका उतारावर पोहोचलो. नकाशावर गडद हिरवा रंग, म्हणजे अतिदाट. प्रत्यक्षात एका ओळीत, सारख्या अंतरावर, एकाच वयाची रबराची झाडं, प्रत्येकाच्या बुंध्याला चीक गोळा करायची वाटी बांधलेली. खाली गवताचं पातं नाही. बागेची मालकीण मला म्हणाली, "ह्यां रान न्हय, आमची बाग आसा." आमच्या नोंदवहीत त्या दिवशी 'वर्गीकरण बरोबर' असंच लिहिलं, कारण व्याख्येप्रमाणे ते बरोबरच होतं. छत्र ७० टक्क्यांच्या वर होतं. त्याच जागी पंधरा वर्षांपूर्वी तोडलेलं मिश्र रान होतं, हे त्या रकान्यात कुठेही बसत नाही.

दुसरी गफलत 'वनक्षेत्र' आणि 'वनआच्छादन' या शब्दांची. वर्तमानपत्रं दोन्ही सर्रास एकाच अर्थाने वापरतात. वनक्षेत्र हा सातबाऱ्याचा, राजपत्राचा, कायद्याचा विषय. आच्छादन हा वरून काय दिसतं याचा. २०२१ च्या अहवालात देशाचं नोंदलेलं वनक्षेत्र ७,७५,२८८ चौरस किलोमीटर आहे आणि वनआच्छादन ७,१३,७८९. पण हे दोन्ही एकमेकांवर बसत नाहीत. आच्छादनातलं ५,१६,६३० वनक्षेत्राच्या आत आहे आणि १,९७,१५९ बाहेर, म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त. उलट बाजूने पाहिलं तर कागदावरच्या वनक्षेत्राचा जवळजवळ एक तृतीयांश भाग असा आहे जिथे १० टक्केही छत्र नाही. त्यातलं सगळं काही उद्ध्वस्त जंगल नव्हे. हिमरेषेच्या वरचे डोंगर, वाळवंट, गवताळ माळ हेही त्यात आहेत.

विदर्भातल्या वाचकांना हा घोळ झुडपी जंगलामुळे चांगला ठाऊक असेल. महसुली कागदांत 'झुडपी जंगल' म्हणून लागलेल्या जमिनी पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत आहेत, सुमारे ८६,००० हेक्टर. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या वनच आहेत असा निकाल दिला. त्यांतल्या काहींवर कधीच्या वस्त्या झाल्या आहेत, सरकारी इमारती उभ्या आहेत. कायद्याने वन, उपग्रहाला सिमेंट. याच्या उलट काजूची बाग: कायद्याने शेती, उपग्रहाला वन.

आता 'वाढलं'कडे येऊ. पहिला वनस्थिती अहवाल १९८७ चा, १९८१ ते ८३ च्या चित्रांवर आधारलेला. आकडा ६,४०,८१९ चौरस किलोमीटर. २०२३ चा अहवाल, जो डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आकडा आहे ७,१५,३४३. चाळीस वर्षांत ७४,००० ची वाढ, असं भाषणांत ऐकायला मिळतं. ही वजाबाकी करायचीच नसते. १९८७ ला लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाच्या ८० मीटर पिक्सेलच्या (पिक्सेल म्हणजे चित्रातला सगळ्यात लहान ठिपका) छापील चित्रांवर माणसं टेबलाशी बसून हाताने रेषा मारत होती. नकाशाचं प्रमाण दहा लाखाला एक, आणि नकाशावर येऊ शकणारा सगळ्यात लहान तुकडा ४०० हेक्टरचा. ४०० हेक्टर म्हणजे चार चौरस किलोमीटर! त्याहून लहान सगळ्या देवराया, राया, ओढ्याकाठची बनं नकाशातून गायब. तसंच मोठ्या रानातली चारशे हेक्टरपेक्षा लहान मोकळी जागा रान म्हणूनच मोजली गेली. आज पिक्सेल साडेतेवीस मीटरचा आहे आणि लहानात लहान तुकडा १ हेक्टरचा, म्हणजे जेमतेम अठरा पिक्सेल.

या बदलाचा सगळ्यात ढोबळ पुरावा १९९९ आणि २००१ च्या अहवालांत आहे. १९९९ ला आकडा ६,३७,२९३ आणि २००१ ला ६,७५,५३८. दोन वर्षांत ३८,००० चौरस किलोमीटरहून जास्त वाढ, म्हणजे जवळजवळ केरळएवढं जंगल! अर्थात केरळएवढं काही उगवलं नव्हतं. २००१ ला सगळ्या देशाचं काम प्रथमच संगणकावर, ५०,००० ला एक या प्रमाणावर झालं आणि बारीक तुकडे पहिल्यांदाच हिशोबात आले. जुना चष्मा काढून नवा लावला की भिंतीवरचे डाग वाढत नाहीत, दिसायला लागतात. सर्वेक्षणाने हे लपवलं नव्हतं, पण आलेख काढणारे तळटीप वाचत नाहीत.

हाच प्रकार ताज्या अहवालातही आहे आणि तो फार थोड्यांच्या ध्यानात आला. २०२१ चं वनआच्छादन ७,१३,७८९. २०२३ चं ७,१५,३४३. साधी वजाबाकी १,५५४ येते. अहवाल मात्र वाढ फक्त १५६ चौरस किलोमीटर सांगतो. वनाबाहेरच्या वृक्षआच्छादनाचं तर आणखी नवल: ९५,७४८ वरून १,१२,०१४, म्हणजे वजाबाकीने १६,००० हून जास्त, आणि अहवालातली वाढ १,२८९. ही छापील चूक नाही. मोजण्याची पद्धत, सीमा किंवा साधन बदललं की मागच्या फेरीचा आकडाही नव्या पद्धतीत पुन्हा बसवून घ्यावा लागतो आणि मगच तुलना करायची असते. तसं केलेलं योग्यच आहे. म्हणून कुणी दोन अहवाल शेजारी ठेवून वजाबाकी करत असेल तर त्याला थांबवा. अहवालाच्या आत दिलेला बदलाचा आकडाच धरायचा, आणि तोही जपून.

जपून का, ते सांगतो. १५६ असो की १,५४०, हा निव्वळ आकडा आहे. कुठे गेलं आणि कुठे आलं, यांची वजाबाकी. २०२१ च्या अहवालात वाढ १,५४० होती. ती फोडून पाहा. अतिदाट ५०१ ने वाढलं, विरळ २,६२१ ने वाढलं आणि मध्यम दाट १,५८२ ने घटलं. मध्यम दाट रान म्हणजे आपलं साग-ऐन-धावड्याचं नेहमीचं रान. ते घटलं ते सुधारून अतिदाट झालं म्हणून, की लाकूडतोड, चराई, वणव्यांनी झिजून विरळ झालं म्हणून? एकूण आकड्याकडे बघून हे कळत नाही. त्यासाठी कुठल्या वर्गातून कुठल्या वर्गात किती गेलं याचा तक्ता बघावा लागतो. अहवालात तो असतो. मी स्वतः अहवाल हातात आला की मुखपृष्ठावरचा आकडा सोडून आधी तोच तक्ता उघडतो. त्यात 'वन नाही' या वर्गातून दोन वर्षांत थेट 'अतिदाट'मध्ये गेलेली जागा दिसली, तर समजायचं की ती एक तर झपाट्याने वाढणारी लागवड आहे किंवा मागच्या फेरीतली चूक आता दुरुस्त झाली आहे. नैसर्गिक रान दोन वर्षांत असं उठत नसतं.

ग्लोबल फॉरेस्ट वॉचचं गणित निराळं. मेरीलँड विद्यापीठातल्या गटाने लँडसॅटच्या ३० मीटर चित्रांवरून जगभरासाठी तयार केलेला हा नकाशा. तिथे झाड म्हणजे पाच मीटरपेक्षा उंच वनस्पती, आणि 'ऱ्हास' म्हणजे त्या पिक्सेलमधलं छत्र साफ निघून जाणं. भारतात २००१ ते २०२३ या काळात २३.३ लाख हेक्टर गेलं, २००० सालच्या झाडीच्या साधारण ६ टक्के. २०२४ मध्ये ही बातमी गाजली आणि राष्ट्रीय हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली. पण हा आकडा निव्वळ नाही, नुसत्या खर्चाचा आहे. जमेची बाजू तिथे वेगळी मोजतात. कागद गिरणीसाठी लावलेली निलगिरी किंवा सुबाभूळ कापली की ती 'गेली'. पुढच्या पावसाळ्यात खोडाला फुटवे आले तरी त्या रकान्यात परत येत नाही. ऱ्हासाचा सगळ्यात मोठा वाटा ईशान्येकडच्या राज्यांचा, आणि तिथे झूम शेती आहे: रान तोडून जाळायचं, एक-दोन वर्षं पीक घ्यायचं, मग जमीन काही वर्षं रानाला परत द्यायची. त्यातलं किती कायमचं गेलं हे त्या नकाशावरून कळत नाही. त्याचबरोबर ईशान्येत सरकारी अहवालातही घट आहे, २०२३ ला ३२७ चौरस किलोमीटरची, तेव्हा 'सगळं झूमच' म्हणून हात झटकणंही बरोबर नाही. आणखी एक गोष्ट. त्या नकाशाची पद्धत मधल्या वर्षांत सुधारत गेली, लँडसॅट-८ आला, ऱ्हास पकडण्याची नजर तीक्ष्ण झाली. त्यामुळे २००५ पेक्षा २०१६ चा ऱ्हास जास्त दिसतो म्हणून तोड वाढली असं लगेच म्हणू नये. हे ते लोक स्वतःच सांगतात.

आणि जे तुम्ही डोळ्यांनी पाहताय, ते बऱ्याचदा दोघांनाही दिसत नाही. सरपणासाठी दरवर्षी थोडं थोडं छाटलं जाणारं रान ६५ टक्क्यांवरून ४५ वर आलं तरी सरकारी वर्गात ते 'मध्यम दाट'च राहतं, आणि ग्लोबल फॉरेस्ट वॉचमध्ये छत्र साफ गेलेलं नसल्यामुळे काही नोंदच होत नाही.

आता माझ्या नोकरीतली एक फजिती. अगदी सुरुवातीची वर्षं. विदर्भातल्या एका तालुक्याच्या दोन चित्रांची तुलना माझ्याकडे आली. जुनं चित्र नोव्हेंबरचं होतं. नव्या वर्षाच्या नोव्हेंबरच्या चित्रावर ढग होते, म्हणून मी फेब्रुवारीअखेरचं घेतलं. संगणकाने सांगितलं, अर्धं रान गेलं. मी घाईघाईने लाल रंगाचा नकाशा छापून वरिष्ठांपुढे ठेवला. ते त्या भागात वाढलेले. त्यांनी नकाशाकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं आणि विचारलं, "साग कधी झडतो?" मला घाम फुटला. फेब्रुवारी-मार्चात सागाचं पान गळतं, रान उघडं पडतं आणि पळस फुलतो. हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. म्हणूनच वन सर्वेक्षण मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरची चित्रं घेतं: पाऊस सरलेला, आकाश निवळलेलं, पानं अजून झाडावर. याची दुसरी बाजू अशी की त्याच दिवसांत ऊस उभा असतो आणि घाणेरीही हिरवीगार असते. दोन्ही उपग्रहाला झाडीसारख्याच दिसू शकतात. सह्याद्रीच्या कड्यांची सावली हा तिसरा त्रास. हे दोष सर्वेक्षण स्वतः नोंदवतं, लपवत नाही.

आता गणित, थोडं सावकाश वाचा, कारण माझ्या मते सगळ्या वादाची मेख इथे आहे. २०२१ च्या अहवालात वन आणि अ-वन ओळखण्याची अचूकता ९५.७९ टक्के दिली आहे. एवढ्या मोठ्या देशासाठी हे उत्तम काम आहे. पण मोजायचा बदल केवढा? सव्वासात लाखात दीड हजार, म्हणजे ०.२ टक्के. नकाशातली चूक चार टक्के आणि बदल शून्य दशांश दोन! प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे न करता मागच्या नकाशावर बदल शोधत पुढे जातात, म्हणून चूक सगळीच्या सगळी बदलात उतरत नाही, हे मान्य. तरीही बदलाच्या आकड्याला 'अधिक-उणे इतकं' अशी शेपटी नसेल तर तो आकडा अर्धवट आहे.

ही शेपटी किती लांब असू शकते, ते एका काल्पनिक जिल्ह्यावर दाखवतो. समजा रानाचा नकाशा १०,००० चौरस किलोमीटरचा आहे. नकाशा म्हणतो, त्यातलं १०० गेलं, ९,९०० टिकलं. तुम्ही 'गेलं' म्हटलेल्या भागात १०० ठिकाणं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि तपासली; ८० ठिकाणी खरंच रान गेलेलं निघालं, २० ठिकाणी नव्हतं. 'टिकलं' म्हटलेल्या भागात अशीच ३०० ठिकाणं पाहिली. २९७ ठिकाणी टिकलेलं, ३ ठिकाणी गेलेलं. नकाशा छानच आहे, तीनशेत तीन चुका! आता खरं किती गेलं? पहिल्या भागातून १०० चे ८० टक्के, म्हणजे ८०. दुसऱ्या भागातून ९,९०० चा एक टक्का, म्हणजे ९९. एकूण १७९. नकाशावरचे पिक्सेल मोजून आलेले १०० आणि हे १७९. वर त्या तीन ठिकाणांवरची अनिश्चितता धरली तर उत्तर साधारण ६७ आणि २९१ च्या मध्ये कुठेतरी. मोठ्या, 'टिकलेल्या' भागातल्या मोजक्या चुका लहान बदलाला पार गिळून टाकतात. म्हणून जाणकार मंडळी बदलाचं क्षेत्रफळ नुसते पिक्सेल मोजून देत नाहीत. नकाशा वापरून नमुना निवडतात, नमुन्यावरून क्षेत्र काढतात आणि सोबत चूक किती असू शकते याचा पट्टा देतात. आपल्या अहवालात हा पट्टा बदलाच्या आकड्याला जोडून, जिल्ह्यापर्यंत यायला हवा. सर्वेक्षणाकडे ते करण्याइतकं मनुष्यबळ आणि कसब नक्की आहे, म्हणूनच ही तक्रार करतोय. गावपातळीवर कुणालाही तपासून पाहता येतील असे नकाशे खुले नाहीत, ही दुसरी तक्रार.

नमुना म्हणजे काय, हे एकदा रानात पाहायला हवं. वर्षानुवर्षं वापरात असलेला प्लॉट ०.१ हेक्टरचा, ३१.६२ मीटर बाजूचा चौरस. तो बाजूंनी आखत नाहीत. मध्यबिंदूवर खुंटी ठोकायची आणि कर्णाच्या दिशेने चारही कोपऱ्यांकडे २२.३६ मीटर दोरी न्यायची. चंद्रपूरकडे एका उतारावर आम्ही असा प्लॉट टाकत होतो. नवा मुलगा दोरी जमिनीला टेकवून वर चढत गेला. बरोबरचा वनरक्षक तिथूनच ओरडला, "आडवी धर, आडवी! नाहीतर प्लॉट आखूड होईल." त्याचं बरोबर होतं. अंतर आडवं मोजायचं असतं; ३० अंशांच्या उतारावर आडवे २२.३६ मीटर भरायला जमिनीवरून २५.८ मीटर चालावं लागतं. मग प्रत्येक झाडाचा घेर १.३७ मीटर उंचीवर, उतारावर असेल तर वरच्या बाजूला उभं राहून. १० सेंटिमीटरपेक्षा कमी व्यासाचं झाड इथे मोजायचं नाही. सीमारेषेवरच्या मोहाच्या झाडावर आमचा दहा मिनिटं वाद झाला, बुंध्याचा मध्य आत की बाहेर. दिवसात असे दोन प्लॉट झाले तरी पाय बोलू लागतात. आता देशभर ५ किलोमीटर बाय ५ किलोमीटरची जाळी टाकून दरवर्षी तिचा पाचवा हिस्सा मोजतात. लाकूड किती, कार्बन किती, जाती कुठल्या, नवी रोपं येताहेत का, हे अशा मोजणीतूनच कळतं. उपग्रहाला रोपटं दिसत नाही.

वृक्षआच्छादनाचा आकडाही नमुन्यावरूनच येतो. बांधावरची, परसातली, रस्त्याकडेची, हेक्टरपेक्षा लहान झुबक्यातली झाडं, त्यांची छत्रं एकत्र केली तर किती जागा भरेल असा तो हिशोब. नकाशावर बोट ठेवून 'हे बघा' म्हणता येईल अशी ती जागा नसते. २०२३ च्या अहवालात या रकान्यात महाराष्ट्र देशात पहिला आहे, सुमारे १४,५२५ चौरस किलोमीटर. अभिमान जरूर बाळगा. पण तो बांधावरच्या आंबा-बाभळी-कडुनिंबाचा आहे, रानाचा नव्हे.

वृक्षलागवडीवरून हमखास एक प्रश्न येतो: २०१९ ला ३३ कोटी झाडं लावली, ती कुठे दिसतात? तीन बाय तीन मीटरवर लावली तर हेक्टरी १,१११ रोपं, म्हणजे ३३ कोटींना जवळपास ३,००० चौरस किलोमीटर लागतात. २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राची वनआच्छादनातली वाढ २० च्या आसपास आहे. झालं, लोक म्हणाले घोटाळा. तो अहवाल २०१९ च्या शेवटच्या तिमाहीतल्या चित्रांवर आधारलेला होता. तेव्हा जुलैत लावलेली रोपं चार-पाच महिन्यांची, गुडघ्याएवढी. शिवाय बरीच रोपं आधीच वन म्हणून मोजलेल्या विरळ रानात लागली. ती जगली तरी वनआच्छादनाचं क्षेत्र वाढत नाही, फार तर वर्ग बदलतो. तेव्हा उपग्रहाचा आकडा लागवड फसली याचा पुरावा नाही. ती जगली याचाही नाही. जगली की नाही ते रोपं मोजूनच कळेल.

आणि लावली कुठे, हेही पाहा. सोलापूर-नगर-पुण्याच्या पूर्वेकडचे माळ हे उजाड झालेलं जंगल नव्हे. ते गवताचेच माळ आहेत, लांडग्याचे, माळढोकाचे, धनगरांच्या मेंढरांचे. तिथे गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली की अहवालात वनआच्छादन वाढतं आणि माळ जातो. गवताच्या ऱ्हासाचा रकाना अहवालाच्या मुखपृष्ठावर येत नाही.

आता तुमच्या तालुक्याचं. खर्च शून्य, वेळ मात्र लागेल. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं २०१५ पासून १० मीटरची आहेत आणि कोपर्निकस ब्राउझरवर फुकट दिसतात. त्याआधीचं पाहायचं असेल तर लँडसॅट, ३० मीटर, ऐंशीच्या दशकापर्यंत मागे जातं. दोन वर्षं निवडा, शक्यतो पाच-सात वर्षांच्या अंतराने, आणि दोन्हींची डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्याची चित्रं घ्या. त्या दोन वर्षांचा पाऊस किती झाला ते तपासा. दुष्काळी वर्षाशी चांगल्या वर्षाची तुलना केली तर माझ्यासारखीच फजिती होईल. मग दोन्ही वर्षांची एप्रिलची चित्रंही बघा. डिसेंबरात हिरवं आणि एप्रिलात उघडं ते पानगळीचं रान. दोन्ही वेळा हिरवं ते सदाहरित, बाग किंवा ओलिताखालचं. मध्येच एकदम मोकळं होणारे सरळ कडांचे चौकोन म्हणजे ऊस. हिरवेपणाच्या निर्देशांकावर एक आकडा ठरवून तालुका रंगवू नका. त्याऐवजी शंभर-दीडशे बिंदू चिठ्ठ्या टाकून निवडा आणि गूगल अर्थच्या जुन्या चित्रांवर एकेक बिंदू दोन्ही वर्षी डोळ्यांनी पाहा. दोन जणांनी वेगवेगळं पाहा आणि शेवटी ताडून घ्या. जिथे दोघांचं जुळत नाही, ते बिंदू चालत जाऊन पाहायचे.

पावसाळ्यातल्या तोडीचं काय, असं विचाराल. ढगांमुळे तो काळ आम्हाला आंधळाच असायचा. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार हा इस्रो-नासाचा रडार उपग्रह ढगांच्या आरपार पाहतो आणि बारा दिवसांनी त्याच जागी परत येतो. माझ्यासारख्याला त्याचं मोठं कौतुक आहे.

चालत जाल तेव्हा बरोबर वीतभर लांबीची प्लास्टिकची नळी घ्या. तिच्या एका टोकाला दोन दोरे फुलीसारखे ताणून बांधा. रानात सरळ रेषेत चाला, दर दहा पावलांवर थांबा, नळी सरळ वर धरून पाहा. फुली पानावर किंवा फांदीवर पडली तर एक रेघ, आकाशावर पडली तर शून्य. वाटेत बरी जागा दिसली म्हणून दोन पावलं इकडेतिकडे सरकायचं नाही. शंभर ठिकाणी चाळीस रेघा आल्या तर छत्र ४० टक्के, अधिक-उणे दहा. मध्यम आणि विरळ यांची सीमा नेमकी ४० वरच आहे, तेव्हा या रानाला कुठल्या वर्गात टाकायचं हे तुम्हालाही ठरवता येणार नाही. देहरादूनच्या टेबलावरच्या माणसालाही तीच अडचण असते. वहीत तारीख, जीपीएसचा बिंदू आणि खाली काय उगवतंय ते लिहा: सागाची रोपं, बांबू, घाणेरी, की नुसता पालापाचोळा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात त्याच रेषेवर परत जा.